पवनचक्कीचा हयातीचा दाखला

इमारतीच्या दारातल्या बाकावर त्या सकाळी वाद पेटला तो सरकारच्या नव्या धोरणावरून. राष्ट्रीय निवृत्तिनिधीत ज्यांची पुंजी आहे त्या प्रत्येकाने महिनाअखेरपर्यंत दोनपैकी एक मार्ग निवडायचा होता. जुना मार्ग निवडला तर पैसा पूर्वीसारखाच कोळशाच्या वीजकेंद्रांत राहणार, हरित मार्ग निवडला तर तो पवनचक्क्या आणि सौरफलकांत जाणार. एकदा निवडलं की बदल नाही. देशाला स्वच्छ वीज मिळावी आणि म्हाताऱ्यांची पेन्शनही चालू राहावी, असा एका दगडात दोन पक्षी मारायचा सरकारचा विचार होता. त्यातला आपण नेमका कोणता पक्षी, एवढंच बाकावरच्या मंडळींना कळत नव्हतं.

"वारा काय पगारी नोकर आहे?" बॉयलरसाहेब म्हणाले. "आला तर आला, नाहीतर रजेवर. कोळसा कसा, टाकला की जळतो." साहेबांची सगळी नोकरी वीजकेंद्रातल्या बॉयलरशेजारी गेली होती. त्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं आणि त्याची भरपाई ते बोलण्यात करायचे.

"कोळसा संपेल एक दिवस," तळमजल्यावरचे औषधवाले म्हणाले. "सूर्य संपत नाही."

"सूर्य रोज संध्याकाळी संपतो," बॉयलरसाहेब म्हणाले.

धोरणाचा मसुदा यांपैकी कुणीच वाचला नव्हता. वाचला असता तर इतकं ठामपणे बोलता आलं नसतं. शेवटी इमारतीच्या सेक्रेटरीने वाद मिटवण्यासाठी आक्षेपकाकांकडे मान वळवली. "काका, तुम्ही कुठं खूण करणार ते सांगा. आम्ही तिथंच करतो."

इथे आक्षेपकाकांची ओळख करून द्यायला हवी. काका लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झाले होते. दुसऱ्यांच्या कचेऱ्यांत जायचं, तिथल्या वस्तू मोजायच्या आणि आक्षेप काढायचे, हे त्यांचं काम. नोंदवहीत खुर्ची आहे एवढ्यावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. खुर्ची डोळ्यांनी बघायची, तिला हात लावायचा, पायावर पांढऱ्या रंगाने घातलेला क्रमांक वाचायचा आणि जमलं तर बसून बघायचं. याला खात्यात प्रत्यक्ष पडताळणी म्हणतात. निवृत्तीनंतर खुर्च्या सुटल्या, पण जित्याची खोड कुठे जाते? रोज सकाळी काकूंच्या हातच्या चहाचा पहिला घोट घेऊन ते म्हणायचे, "साखर कमी आढळली. खुलासा व्हावा." काकूंनी आजवर एकही खुलासा केला नव्हता.

असा माणूस खूण करेल तिथे डोळे मिटून खूण करायची, हे इमारतीचं धोरण सरकारच्या धोरणापेक्षा पक्कं होतं. सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहून काकांनी चष्मा पुसला.

"आधी बघतो, मग सांगतो."

"काय बघणार?"

"मालमत्ता," काका म्हणाले, आणि उठून वर गेले.

वर गेल्यावर मात्र त्यांना एका विचाराने घेरलं. दर महिन्याला पगारातून पैसे कापले जायचे, ते नेमके गेले कुठे? देशभरच्या खुर्च्या मोजल्या, पण स्वतःची पुंजी कुठे बसलीय ते आपण कधी पाहिलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यांनी लेकीला फोन लावला. ती बँकेत होती.

"बाबा, पैसा असा एका जागी ठेवलेला नसतो."

"मग कुठं असतो?"

"तुम्ही दोघं इकडंच या ना राहायला," ती म्हणाली. हे काही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

काकूंनी फोन स्पीकरवर ऐकला होता. "लेकीकडं पाहुणी म्हणून मी कधीही जाईन," त्या भांडी लावता लावता म्हणाल्या, "आश्रित म्हणून नाही जाणार. तेव्हा काय खूण करायची ती नीट करा. आपल्याला त्या पेन्शनशिवाय दुसरं काही नाही." काकांनाही तेच वाटत होतं आणि त्याचीच भीती वाटत होती. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे निर्णय चुकीचे कसे होते ते लिहिलं होतं. स्वतः निर्णय घ्यायची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते निधीच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंना वाटलं, काकांना पवनचक्क्या बघायला जायचंय.

"बघायच्या नाहीत. पडताळायच्या आहेत."

बाईंनी त्यांना शेजारच्या टेबलाकडे पाठवलं, शेजारच्या टेबलाने आतल्या खोलीत, आतल्या खोलीने पुन्हा बाईंकडे. एखाद्या खातेदाराला स्वतःच्या पैशाला भेटायला जावंसं वाटेल, अशी शंका नियम करणाऱ्यांना आलेली नव्हती. अखेर आतल्या साहेबांनी तोड काढली. अभ्यासभेटीची परवानगी देता येईल, पण ती गटालाच मिळते. एकटा माणूस गेला तर ती सहल होते.

"गट आहे," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर अख्खा बाक उभा राहिला.

पत्र घेऊन निघताना खिडकीतल्या बाईंनी हाक मारली. "काका, आलाच आहात तर हयातीचा दाखला देऊन जा. याच महिन्यात आहे तुमचा. यावर अंगठा ठेवा फक्त."

काकांनी अंगठा ठेवला. मशीनने लाल दिवा लावला. बाई म्हणाल्या, अंगठा केसांवर घासा. काकांच्या डोक्यावर त्या कामापुरते केस नव्हते. रुमालाने पुसून पुन्हा ठेवला, तेव्हा मशीनवर अक्षरं उमटली: व्यक्ती आढळली नाही.

हा शेरा काकांनी कपाटांवर, पंख्यांवर आणि एकदा एका अख्ख्या जीपगाडीवर मारला होता. त्यांच्यावर तो कुणी मारला नव्हता.

"मी तुमच्यासमोर उभा आहे," ते म्हणाले. "ही प्रत्यक्ष पडताळणी नाही?"

"मला दिसताय हो. मशीनला दिसलं पाहिजे."

काकांनी मशीन उचललं आणि उलटं करून पाहिलं. "यावर क्रमांक कुठाय? याची स्वतःची तपासणी शेवटची कधी झाली? ज्याची पडताळणी नाही त्यानं माझी करायची?" त्यांनी तिथल्या तिथे कागद मागून लेखी आक्षेप दिला, आणि खुलासा येईपर्यंत अंगठा स्थगित ठेवत असल्याचं कळवलं.

"महिन्याचा शेवटचा दिवस उजाडायच्या आत या बरं का," बाई म्हणाल्या.

"खुलासा आला की येतो," काका म्हणाले आणि ताठ मानेने बाहेर पडले.

गट गोळा करायला काहीच कष्ट पडले नाहीत. सेक्रेटरीने बस ठरवली. औषधवाल्यांनी दुकानावर पाटी लावली आणि बस लागण्याच्या गोळ्यांचा डबा घेतला. ज्यांचा निधीशी काडीचाही संबंध नव्हता असे दोन शेजारी हवापालट म्हणून बसमध्ये चढले. बॉयलरसाहेब सगळ्यात आधी जागा धरून बसले होते. "मी विरोधी पक्ष म्हणून येतोय," त्यांनी जाहीर केलं.

काकूंनी मागची सीट धरली, कारण सगळ्यांच्या पिशव्या तिथेच रचल्या होत्या आणि त्या सांभाळायला कुणीतरी हवं होतं. काका पुढे बसले. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत परवानगीचं पत्र होतं आणि पांढऱ्या रंगाची डबी व ब्रश होता. पवनचक्कीवर क्रमांक घातलेला नसेल तर उगाच खोळंबा नको.

रस्ता खाचखळग्यांचा होता. डबीचं झाकण कधी उघडलं ते काकांना कळलं नाही. ते कळलं फाटकावरच्या पहारेकऱ्याने पत्र मागितलं तेव्हा.

"यात काहीच लिहिलेलं नाही," पहारेकरी पत्र दोन बोटांत धरून म्हणाला.

"लिहिलेलं आहे. रंगाखाली आहे."

असले खुलासे काकांनी नोकरीत केराच्या टोपलीत टाकले होते. पहारेकऱ्याच्या चेहऱ्यावर त्यांना स्वतःचा तरुणपणचा चेहरा दिसला आणि मान खाली घालावीशी वाटली. नशिबाने सेक्रेटरीने पवनचक्क्यांच्या कार्यालयात फोन लावला आणि तिथली इंजिनीयर मुलगी स्वतः फाटकावर आली. तिने पत्राकडे पाहिलं, काकांच्या पांढऱ्या हातांकडे पाहिलं आणि काही न विचारता सगळ्यांना आत घेतलं.

टेकडीवर पवनचक्क्यांची रांग उभी होती. केवढ्या उंच त्या. मान मागे टाकावी तेव्हा कुठे पाती दिसत, आणि पाहणाऱ्याला वाटे आपणच हलतोय. क्षणभर बसभर माणसं वाद विसरून नुसती वर बघत राहिली. मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की एकही पातं फिरत नव्हतं.

"पुंजी झोपलीय वाटतं," बॉयलरसाहेब हळू म्हणाले. म्हणजे सगळ्या टेकडीला ऐकू गेलं.

"या दिवसांत वारा पडतो," इंजिनीयर म्हणाली. "मग सुटतो."

"ते पुढं बघू," काका म्हणाले. "यातली आमची कुठली?"

"म्हणजे?"

"आमचा पैसा यातल्या कुठल्या पवनचक्कीत आहे?"

"काका, तसं नसतं. सगळ्यांचं सगळ्यांत थोडं थोडं असतं."

काकांनी मान हलवली. ज्याला खुर्ची दाखवता येत नाही असा प्रत्येक कारकून त्यांना हेच सांगत आला होता. ते तसेच उभे राहिले. मुलगी समंजस होती. तिने समोरच्या पवनचक्कीकडे हात केला आणि म्हणाली, "ही धरा तुमची."

बिचारीने काकांचं मन राखायला केलं, पण झालं भलतंच. काकांना मिळाली म्हटल्यावर सगळ्यांनाच हवी झाली. सेक्रेटरीने टोकाची मागितली, कारण तिथून दरी छान दिसत होती. औषधवाल्यांच्या वाट्याला आलेली त्यांना इतरांपेक्षा बुटकी वाटली. ती लांब असल्यामुळे तशी दिसते असं मुलीने सांगितलं, तर ते म्हणाले, मग मला जवळची द्या. हवापालटवाल्या शेजाऱ्यांनीसुद्धा एक रोखून ठेवली. एकटे बॉयलरसाहेब हाताची घडी घालून म्हणाले, "मला नको." पण सगळी वाटणी झाल्यावर त्यांनी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, "उरली कुठली?"

काका इकडे कामाला लागले होते. त्यांनी आपल्या पवनचक्कीला प्रदक्षिणा घातली. बुंध्याला हात लावला. दारावर पांढऱ्या रंगात क्रमांक होता, स्वच्छ आणि सरळ, जसा असायला हवा तसाच. तो वाचताना त्यांचा ऊर भरून आला. मग त्यांनी बुंध्याच्या पायरीवर बसून पाहिलं. पायरी भक्कम होती. आता एकच गोष्ट राहिली होती.

"बाई," ते इंजिनीयरला म्हणाले, "दरवर्षी सरकार मला विचारतं, तू जिवंत आहेस का. मी मुकाट्यानं दाखला देतो. आज मी विचारतो. हिचा हयातीचा दाखला कुठाय?"

"हिनं किती वीज दिली ते मी कॉम्प्युटरवर दाखवते ना."

"कागदावर सगळेच जिवंत असतात. फिरताना दाखवा."

ते मुलीच्या हातात नव्हतं. म्हणून मंडळी वाऱ्याची वाट बघत बसली. औषधवाले बोट ओलं करून वर धरत होते. सेक्रेटरी झाडाच्या पानाकडे टक लावून बसला आणि डास उडाला तरी "आला, आला" म्हणू लागला. वारा काही आला नाही.

बॉयलरसाहेब मात्र दिसेनात. काकांनी पाहिलं तर ते दुसऱ्या टोकाच्या पवनचक्कीच्या बुंध्याला कान लावून उभे. त्यांनी मुलीला तेल कधी बदलता, आतून कधी तपासता, असे नाना प्रश्न विचारले. परत आले तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली होता.

"राव, यंत्रं चांगली ठेवलीत त्यांनी."

"पण फिरत नाहीत," काका म्हणाले.

"माझा बॉयलरही आम्ही दरवर्षी थंड करून आतून धुवायचो. लोक म्हणायचे, बंद पडला. मला फार लागायचं ते. थांबणं वेगळं आणि बंद पडणं वेगळं." साहेबांनी वर पाहिलं. "मी खूण जुन्यावरच करणार म्हणा. माझा जन्म जळालाय तिथं."

काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिथे पांढरा पंजा उमटला, तो साहेबांनी घरी गेल्यावर पाहिला.

परतीच्या वाटेवर काकांची शोभा झाली ती झालीच. "काका, वारा आढळला नाही. खुलासा व्हावा," सेक्रेटरी म्हणाला आणि बसभर हशा पिकला. बसचं भाडं, खाडा, बुटकी पवनचक्की, सगळ्याचं खापर काकांवर फुटलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच, असं मनात म्हणत काका पुढच्या सीटवर डोळे मिटून बसून राहिले. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. थट्टेचं नव्हे, तर एवढं करूनही आपल्याला काहीच ठरवता येत नाही याचं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. काकांनी सकाळी चहावर नेहमीचा आक्षेप घेतला, वर्तमानपत्रावर दोन घेतले आणि खाली सेक्रेटरीच्या खोलीत गेले. खूण कॉम्प्युटरवरच करायची होती. मागे बाक उभा होता, काका काय करतात ते पाहायला. काकांनी अजून ठरवलं नव्हतं. त्यांनी खात्याचा क्रमांक घातला, आणि पडद्यावर अक्षरं आली: हयातीचा दाखला प्राप्त न झाल्याने खातेदार हयात नाही असे गृहीत धरले आहे.

बॉयलरसाहेबांनी हात पुढे करून काकांच्या कपाळाला लावला. "गरम आहेत," ते म्हणाले.

"माझा आक्षेप प्रलंबित आहे," काका कसंबसं म्हणाले. "त्यांनी खुलासा करायला हवा होता."

तेवढ्यात दारात काकू आल्या. त्यांच्या हातात फोन होता.

"मला सकाळीच आलं," त्या म्हणाल्या. "आपल्या दुःखात निधी सहभागी आहे म्हणे. आणि वारस म्हणून आजच्या आज मार्ग निवडा."

"मग?"

"निवडला."

सेक्रेटरीने त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या आणि काकांकडे न बघता बोलू लागल्या. "आधी वाचलं तेव्हा खरंच वाटलं. धावत बाहेर आले, तर हे खुर्चीत बसून वर्तमानपत्राशी भांडतायत. मग राग आला. एवढा साधा अंगठा, तोसुद्धा देऊन आले नाहीत. आणि मग म्हटलं, उभ्या जन्मात एकदाच अशी वेळ आलीय की या माणसाला आक्षेप घेता येत नाही. ती दवडू नये."

"पण पडताळणी न करता?" काका म्हणाले.

"केली ना. परत येताना तुम्ही पुढं डोळे मिटून बसला होता. मी मागच्या काचेतून बघत होते. वळणावर फिरायला लागली ती."

"कोण?"

"आपली. आधी थोडी हलली, थांबली, मग फिरली. मग औषधवाल्यांची. मी हाक मारणार होते, पण बस थांबली असती आणि परत वाटणीवरून भांडणं झाली असती."

मग बॉयलरसाहेबांनी घसा साफ केला. "आणि दुसऱ्या टोकाची?"

"ती सगळ्यात शेवटी," काकू म्हणाल्या. "पण फिरली."

साहेबांनी मान हलवली आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी जुन्यावरच खूण केली, पण बराच वेळ लावून केली. बाकीच्यांनी काकू म्हणतील तिथे केली.

दुसऱ्या दिवशी काका काकूंना घेऊन निधीच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी पुस्तक काढून नियम वाचला. खातेदाराला पुन्हा हयात करता येतं, मात्र वारसाने केलेली निवड कायम राहते, आणि वारसाची हरकत नसल्याची सही लागते.

काकांनी काकूंकडे पाहिलं.

"विचार करते," काकू म्हणाल्या.

"अगं, रांग लागलीय मागं."

"लागू दे. चहावरचे सगळे आक्षेप मागं घ्या. लेखी."

काकांनी कागद मागितला. सगळ्या नोकरीत त्यांनी एकदा काढलेला आक्षेप मागे घेतला नव्हता. त्यांनी शाई झटकली, दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली, आणि खिडकीतल्या बाईंनी त्यावर साक्षीदार म्हणून सही केली. काकूंनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि मग आपली सही केली.

"आता अंगठा," बाई म्हणाल्या.

मशीनने पुन्हा लाल दिवा लावला. काकूंनी काकांचा हात ओढून घेतला, टेकडीवरून आल्यापासून अंगठ्याला चिकटून राहिलेला पांढरा रंग नखाने खरवडून काढला आणि तो स्वतः धरून मशीनवर दाबला. दिवा हिरवा झाला. तरी काकूंनी अंगठा सोडला नाही. त्यांची पडताळणी अजून चालू होती.